नऊ नंबरचा जर्दाळू

आमच्या स्वयंपाकघराबद्दल इमारतीत ज्या काही गोष्टी पसरल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत. आमच्याकडे आग लागली नव्हती. उतारवयात मी कुठल्या पंथाची दीक्षा घेतलेली नाही. आणि रंगाच्या वासाने मी भ्रमिष्ट झालो, हे ज्यांनी पसरवलं ते गृहस्थ रोज सकाळी दूध आणायला आमच्या खिडकीवरून जातात आणि जाताना मान वळवून आत बघतात. बघू देत. उरलेल्या निम्म्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी स्वतःच सांगणार आहे, कारण आपली फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती दीडपट होते.

आमचं स्वयंपाकघर उत्तरेला आहे. ज्यांचं नाही त्यांना यातली गोम कळायची नाही. उत्तरेच्या खिडकीतून उजेड येतो, ऊन येत नाही. त्यात आमच्या खिडकीबाहेर अख्ख्या मजल्याची गॅलरी. म्हणजे जो काही उजेड यायचा, तो आधी लोकांच्या सायकली आणि वाळत घातलेल्या चादरी यांना भेटून, अर्धामुर्धा होऊन आमच्याकडे पोचतो. भिंती पांढऱ्या होत्या असं कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात त्या उजेडात त्या थंडीत काकडलेल्या माणसाच्या नखांसारख्या दिसायच्या. टोमॅटो चिरायला घेतला तर वांग्याचा भाऊ वाटायचा. चहा करायला मी स्वेटर घालून जायचो, आणि तोही वर्षाच्या अशा महिन्यांत, की बैठकीच्या खोलीत पंखा चालू असायचा.

हे सगळं मला कसं माहीत, असा प्रश्न इमारतीतल्या प्रत्येकाने मला विचारला आहे. स्वयंपाक मी करतो. आठ महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो. बायको एका शाळेत मुख्याध्यापिका आहे, तिची अजून चार वर्षं शिल्लक आहेत. तिची आई आमच्याकडेच असते. मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात सासूबाईंनी "आता माझ्याने उभं राहवत नाही" असं म्हणून पळी खाली ठेवली, आणि ती मी उचलली. त्याआधी एकतीस वर्षं मी नकाशा कचेरीत नकाशे रंगवले. नदी निळी, जंगल हिरवं, रस्ता तांबडा. सगळं नियमावलीत ठरलेलं. आपल्या मनाने एक तळंसुद्धा रंगवलं नाही. अशा माणसाच्या हाती चार भिंती आल्या की काय होतं, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी गॅलरीतून बघावं.

स्वयंपाकघराला जरा उबदार रंग द्यावा म्हणतो, असं मी बायकोला सांगितलं. वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता ती म्हणाली, "करा काय करायचं ते." लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाला या चार शब्दांचा अर्थ कळायला हवा होता. मी त्याचा अर्थ परवानगी असा घेतला आणि पिशवी उचलून रंगाच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहिनी कधी येतील असं विचारलं. मी म्हटलं, वहिनी येणार नाहीत, रंग मी निवडणार आहे. बैठकीच्या खोलीचा ना, असं त्याने विचारलं. स्वयंपाकघराचा, मी म्हटलं. मग त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं, आवाज खाली आणला आणि वहिनी बऱ्या आहेत ना, अशी चौकशी केली. वहिनी ठणठणीत आहेत आणि या क्षणी चाळीस मुलांना ओरडत असतील, हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. तेव्हा कुठे त्याने शेड कार्ड बाहेर काढलं. कार्ड कसलं, तो ग्रंथ होता. नुसत्या पिवळ्याचीच सहा पानं. लोणी, मध, पहाट, वाळू, पिकलं पान. एका रंगाचं नाव 'समाधान' होतं. तो बघून मला काहीही झालं नाही.

आता सामान्य माणूस अशा वेळी एका रंगावर बोट ठेवतो आणि घरी येतो. मी शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. अकरा रंगांच्या नमुन्याच्या छोट्या डब्या आणल्या, भिंतीवर हातभर लांबीरुंदीचे अकरा चौकोन आखले, रंगवले, आणि प्रत्येकाखाली नकाशावर लिहितात तशा सुवाच्य अक्षरांत क्रमांक घातला. दर तीन तासांनी प्रत्येक चौकोन कसा दिसतो त्याची वहीत नोंद. त्यातून उत्तरेच्या उजेडाचे एकेक गुण बाहेर पडले. लोणी नावाचा रंग दुपारपर्यंत हिरवट झाला. मध करडा पडला. गुलाबीकडे झुकणारा एक होता, त्याला संध्याकाळी अशी जांभळी कळा आली की त्याच्यासमोर धरलं तर पोळलेलं बोटही निरोगी वाटावं. पिवळा रंग लावला म्हणजे ऊब आली, ही आपली समजूत म्हणजे पी हळद नि हो गोरी. ज्या रंगाच्या पोटात थोडा तांबडा आहे, तोच तिथे टिकतो. हे ज्ञान मी कष्टाने मिळवलेलं आहे आणि ते कुणी मागितलं तर मी फुकट देतो. अद्याप कुणी मागितलेलं नाही.

सल्ले मात्र न मागता येत होते. खिडकी गॅलरीत उघडते हे मी सांगितलंच. पहिल्यांदा आले ते वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर, ज्यांना सगळी इमारत ओळंबा म्हणते, कारण कुठल्याही घरात गेले की आधी एक डोळा मिटून भिंत सरळ आहे का ते बघतात. त्यांनी आमची भिंत पाहिली, ती अर्धं बोट बाहेर आलेली आहे असं सांगितलं, आणि मग म्हणाले की चित्रकार लोक उत्तरेचा उजेड मिळावा म्हणून तडफडतात आणि तुम्ही त्याच्या नावाने रडता. मी म्हटलं, चित्रकारांना भात लावायचा नसतो. त्यावर त्यांचा निष्कर्ष असा, की मला रंगाची नाही, मोठ्या दिव्याची गरज आहे. शेजारच्या वहिनींचं मत पडलं की स्वयंपाकघर पांढरंच हवं, म्हणजे तेलाचे डाग लगेच दिसतात. डाग दिसावेत म्हणून रंग निवडणं हे मला चोर सापडावा म्हणून दार उघडं ठेवण्यासारखं वाटलं, पण मी बोललो नाही. वहिनी इमारतीच्या समितीत आहेत.

खरी पंचाईत सासूबाईंची झाली. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा काढायचा आहे. त्यामुळे उजव्या डोळ्याने त्यांना जग धुतल्यासारखं लख्ख दिसतं आणि डाव्याने मातकट पिवळं. माझ्या हाती पळी आल्यापासून त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. जेवणाची वेळ झाली की बाहेरूनच "झालं का जावईबापू" असं विचारायच्या, आणि त्या विचारण्यात 'जळलं का' हाही प्रश्न असायचा. पण अकरा चौकोनांची बातमी ऐकून त्या दारापर्यंत आल्या. उजवा डोळा मिटून त्यांनी पाच नंबर पसंत केला. डावा मिटून तोच पाच नंबर नापसंत केला. दोन्ही उघडे ठेवल्यावर त्यांना गरगरायला लागलं आणि मी त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं. संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगितलं की तुझा नवरा भिंतीवर आकडे लिहीत बसतो, जरा लक्ष ठेव.

बाराव्या दिवशी, दुपारी चार वाजता, नऊ नंबरच्या चौकोनापुढे मी सहज एक टोमॅटो धरला आणि तो टोमॅटो दिसला. नऊ नंबर म्हणजे जर्दाळू. मी वही मिटली.

आमच्या इमारतीत घरात काहीही काम काढलं तर समितीचा अर्ज भरावा लागतो. अर्जावर 'कामाचा प्रकार' या रकान्यात तीनच पर्याय होते: पाडकाम, बांधकाम, नळकाम. मी समासात 'रंगकाम' असं लिहून चौकट काढली आणि तिच्यात खूण केली. सेक्रेटरींनी अर्ज परत पाठवला. समास कोरा सोडावा. मी दुसरा अर्ज भरला आणि कुठेच खूण केली नाही. तोही परत, अपूर्ण. तिसऱ्यांदा मी नळकामावर खूण केली आणि तो अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

पेंटर मात्र मला फार चांगला मिळाला. अत्यंत कमी बोलणारा माणूस. काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच: "वाळल्यावर बघा." त्याने भिंती घासल्या, पुट्टी भरली, अर्धं बोट बाहेर आलेल्या भिंतीकडे बघून ओळंब्यांच्या नावाने काहीतरी पुटपुटला आणि दोन दिवसांत तीन भिंतींना दोन-दोन हात मारून मोकळा झाला. तीन भिंती अशा काही उजळल्या, की मी स्वेटर काढून ठेवला. बायको शाळेतून आली, दारात थांबली आणि पायातल्या चपला न काढता पूर्ण एक मिनिट बघत राहिली. मग म्हणाली, "बरा आहे हो." चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही निर्णयाला एवढी दाद मिळालेली नव्हती.

चौथ्या भिंतीला डबा कमी पडला. ही भिंत खिडकीच्या बरोबर समोरची. मी दुकानात गेलो, नऊ नंबरचा आणखी एक डबा मशिनमधून मिसळून आणला, पेंटरने तो लावला. ओला असताना मला तो जरा गडद वाटला. वाळल्यावर बघा, पेंटर म्हणाला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघितला. तीन भिंती जर्दाळू होत्या आणि चौथी भाजलेल्या विटेसारखी लाल.

मी भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून दुकानात गेलो तो भांडायच्या तयारीने. दुकानदाराने पोपडा कार्डाला लावून दाखवला. तो कार्डाशी तंतोतंत जुळत होता. तेव्हा भानगड उघड झाली. पहिला डबा मिसळला त्या दिवशी मशिनची तांबड्या रंगाची नळी अर्धी तुंबलेली होती. त्याआधी नमुन्याच्या डब्या मिसळल्या तेव्हाही ती तशीच होती. मधल्या काळात त्याने मशिन साफ करून घेतलं. म्हणजे दुसरा डबा बरोबर होता. पहिलाच चुकला होता. बारा दिवस वही घेऊन, दर तीन तासांनी नोंदी करून, टोमॅटो धरून मी जो रंग निवडला होता तो मुळात तयार होणाराच नव्हता. तो नळीत अडकलेल्या गाळाचा प्रताप होता. आता तसा गाळ पुन्हा जमवून देता येणार नाही, असं दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं.

घरी येताना गॅलरीत शेजारच्या वहिनी भेटल्या. खिडकीतून लाल भिंत ढळढळीत दिसत होती. हे काय झालं, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की तसंच ठरवलं होतं. एक भिंत मुद्दाम वेगळी ठेवतात, त्याने खोलीला खोली येते. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण एकदा बोलल्यावर मागे कसं घेणार? ओळंब्यांना मी तेच सांगितलं, वर लाल भिंत उजेड कसा शोषून परत देते त्याचं विवेचन केलं. जिन्यात भेटलेल्या दोघा अनोळखी माणसांनाही सांगितलं. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. तीन दिवसांत माझा स्वतःवर विश्वास बसत चालला.

चौथ्या दिवशी सकाळी बायको माझ्यासमोर चहा पीत बसली होती. कप ठेवून ती म्हणाली, "रंग चुकला त्याचं मला काही नाही. तुम्ही दिवसभर खोटं सांगत फिरता, ते मात्र मला ऐकवत नाही. माझ्याकडे तिसरीतली मुलं याहून बरं खोटं बोलतात." एवढं बोलून ती शाळेत गेली. मी दिवसभर तोंडात मारल्यासारखा भाजी निवडत बसलो.

त्याच दुपारी नोटीस आली. गॅलरीतून दिसणाऱ्या सर्व पृष्ठभागांचा रंग पांढरट असावा असा इमारतीचा नियम होता. आमची एक भिंत 'भडक' असून नळकामाच्या परवानगीवर रंगकाम केल्याचंही निदर्शनास आलं होतं. रविवारी सकाळी दहा वाजता समिती पाहणीला येणार होती.

समिती आली. सेक्रेटरी, ओळंबा आणि वहिनी. आमचं स्वयंपाकघर तिघांत भरतं. मी आणि बायको धरून पाच जण आत गेल्यावर कुणीतरी श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नव्हता. सेक्रेटरी वाईट माणूस नाहीत. फाईल छातीशी धरून त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि मला बाजूला घ्यायला जागा नव्हती म्हणून सगळ्यांसमोरच वाट काढून दिली. भिंत मुद्दाम लाल केली असेल तर तो नियमभंग. चुकून झाली असेल तर ती चूक. समिती माणुसकी बाळगून महिनाभराची मुदत देईल आणि नळकामाचं प्रकरणही मिटवेल. नाहीतर खिडकीला जाड पडदा लावून टाका, म्हणजे बाहेरून दिसणार नाही आणि प्रश्नच संपला.

यावर वहिनींनी माझी बाजू घेतली आणि घात केला. त्या म्हणाल्या, चूक कशी असेल, भाऊजींनी किती विचार करून केलंय, मी तर माझ्या स्वयंपाकघरात अशीच एक भिंत करणार आहे. ओळंबासुद्धा एक डोळा मिटून म्हणाले, की रंगामुळे भिंतीचं पोट दिसत नाही, ही युक्ती मानली पाहिजे. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. नुसती मान डोलवली असती तरी चाललं असतं. बायको ओट्याला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "चूक आहे. मी मुद्दाम काही केलेलं नाही, वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो. मशिन तुंबलं होतं. आणि सेक्रेटरीसाहेब, नीट लिहून घ्या: ही लाल भिंत बरोबर आहे. चुकल्या आहेत त्या या तीन."

सेक्रेटरींचं पेन थांबलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. ते म्हणाले, "चूक मान्य आहे ना? मग झालं तर. महिनाभरात सगळं पांढरं करून टाका."

"करणार नाही," मी म्हटलं. "चूक मान्य आहे. दुरुस्ती मान्य नाही. पडदाही लावणार नाही. आधीच इथे उजेडाची बोंब आहे. तीन भिंती मला आवडतात म्हणून राहतील आणि चौथी मी कार्डावर बघून मागवली होती म्हणून राहील."

"कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं. फाईलमध्ये कारणाचा रकाना होता.

"मी इथे स्वयंपाक करतो," मी म्हटलं.

कुणी काही बोलण्याआधी दारातून काठीचा आवाज आला. सासूबाई आपली खुर्ची ओढत आणत होत्या. त्यांनी ओळंब्यांना काठीने जरा सरकवलं, खुर्ची लाल भिंतीला लावली, बसल्या, आधी एक डोळा मिटून आणि मग दुसरा मिटून खोलीभर नजर फिरवली. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "इथे बरं वाटतंय. भाजी द्या निवडायला. आणि या मंडळींना म्हणावं उजेड अडवू नका."

मंडळी गेली. वहिनी गॅलरीतून परत आल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, की खोटं बोललात त्याचा राग आहे, पण त्या दुकानाचा पत्ता द्या. बायकोने दार लावलं, माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि कांदा चिरायला लागली. ते तिने आठ महिन्यांत केलं नव्हतं. मी तिला सांगितलं की जरा जाड होतोय. मग तुमची जीभ चिरू का, असं तिने विचारलं, तेव्हा मी कढई गॅसवर ठेवली.

समितीचं पत्र मंगळवारी आलं: आपण दिलेले कारण असमाधानकारक आहे. मी उत्तर पाठवलं. मग दुसरं आलं, त्यालाही पाठवलं. सेक्रेटरींची भाषा दर पत्राला सुधारते आहे आणि माझीही. काल पाचवी नोटीस आली. मी चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून ती लाल भिंतीवर, आधीच्या चारांच्या रांगेत नीट ओळीत लावली. त्यांचा पांढरा कागद तिथे जरासा निळसर दिसतो. भिंत चांगली लांबरुंद आहे. अजून तीस-एक नोटिसा सहज मावतील.